डोक्यावर शाम्पू आणि हातात नोटीस

...आणि मी म्हणतो, काय गुन्हा केला होता हो त्यानं? खून? दरोडा? घर सोडायचं होतं बिचाऱ्याला! तेसुद्धा भाड्याचं! घाबरायचं काय त्यात?

पण नाही! तुम्हाला सांगतो, हा आमचा गंधार, मूळचा कराडचा, जयपूरला विद्याधर नगरात माथुर आंटीजींच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचा. कंपनीनं सी-स्कीम भागातलं ऑफिस उचललं आणि नेऊन ठेवलं सीतापुऱ्याला, म्हणजे गावाच्या पार दुसऱ्या टोकाला! मग घर बदलायला नको? पण आंटीजींना सांगणार कोण? मुलींच्या शाळेच्या माजी मुख्याध्यापिका त्या... नुसतं "गंधार बेटा" म्हणाल्या तरी याचा हात आपोआप शर्टाच्या वरच्या बटणाकडे जायचा!

त्यात ऑफिसातला तन्मय, नागपूरचा. तो म्हणाला, "तोंडी सांगू नको बे! करारात एक महिन्याची नोटीस आहे ना? मग लेखी दे, तारखेसकट! नाहीतर उद्या म्हणतील, आम्हाला सांगितलंच नाही, अन् लावतील कुलूप. सामान आत, तू बाहेर!" झालं! तेव्हापासून गंधारला जिकडे तिकडे कुलपंच दिसायला लागली. शेवटी एका संध्याकाळी त्यानं नोटीस लिहिली, आंटीजींच्या दाराखालून सरकवली आणि चप्पल हातात घेऊन जिना चढला... पळतच!

खालून काही नाही. हाक नाही, टीव्हीचा आवाज नाही. मग फोनवरचं हळू बोलणं ऐकू आलं आणि त्यातले दोनच शब्द कळले, "वकील साहब..." दाराची कडी तीनदा तपासली हो त्यानं! आता तुम्ही म्हणाल, घाबरायचं काय त्यात? म्हणा! तुमच्या खाली कुठे आंटीजी राहतात?

सकाळी अंघोळीला गेला, डोक्याला शाम्पू चोळला, नळ सोडला... खर्रर्र! थेंब नाही! "तोडलं! पाणी तोडलं!" एक डोळा मिटून, दुसरा चुरचुरत असताना तन्मयला फोन. तन्मय ओरडला, "असं पाणी नाही तोडता येत बे त्यांना! बेकायदा आहे! सरळ भाडे न्यायाधिकरणात जा! घाबरायचं काय त्यात?"

न्यायाधिकरण! हा शब्द एकदा डोळ्यांत शाम्पू गेलेला असताना ऐकून बघा!

गेला तसाच खाली, बनियनवर, डोक्यावर फेसाचा डोंगर. दार वाजवलं. साखळी न काढता आंटीजींनी फटीतून बघितलं, आणि घाबरलेला माणूस बोलतो तसं हा ओरडूनच बोलला, "आंटीजी, पानी बंद करना गैरकानूनी है! मैं न्यायाधिकरण जाऊँगा! मतलब... जाऊँ क्या?"

आणि आंटीजी? त्यांचा आवाज याच्याहून जास्त थरथरत होता! "देखो बेटा, ताला मैं नहीं लगा सकती, तो कब्ज़ा तुम भी नहीं कर सकते! मेरे वकील ने बताया है!"

"कब्ज़ा?"

"तो नोटिस क्यों दिया? रोज़ मुँह से बोलने वाला लड़का लिखकर कब देता है? जब कोर्ट जाना हो!"

बाईंनी वरचा 'नोटीस' शब्द तेवढा वाचला होता! त्यांच्या दिरांच्या बगरू गावातल्या घरात भाडेकरू ठाण मांडून बसला होता म्हणे, वर्षानुवर्षं निघेना. म्हणून रात्रभर डोळ्याला डोळा नाही!

"और पानी?"

"मोटर जल गई।" साखळी निघाली. आंटीजींच्या डोक्यावर ओली मेंदी थापलेली, धुवायला पाणी नाही!

मग काय, मोटरवाला येईपर्यंत बसले दोघं जिन्यात. हा फेसासकट, त्या मेंदीसकट. गंधारनं नोटीस मोठ्यानं वाचून दाखवली, आंटीजींनी व्याकरणाच्या दोन चुका काढल्या आणि 'मिळाली' म्हणून सही केली. महिना भरल्यावर त्यांनीच टेम्पोत कुंड्या ठेवायला मदत केली आणि म्हणाल्या, "अगला किराएदार भी तुम ही ढूँढ दो। तुम्हारे जैसा... डरपोक।"

आता गंधार राहतो सीतापुऱ्याजवळ, प्रतापनगरला. छान घर आहे, हवा आहे, उजेड आहे. सामान लावून झाल्यावर खालची पाटी वाचली. घरमालक वकील! गेल्या आठवड्यापासून स्वयंपाकघरातला नळ गळतोय, मी म्हटलं, अरे, सांग की त्यांना, हक्क आहे तुझा! तर म्हणतो कसा...

"राहू दे. बादली आणलीय."