पाणी न देण्याचा शॉट

कॅमेऱ्यापुढे भांडण दाखवणं सोपं असतं, असं कोणी म्हटलं की मला भातकुली गावातली माझी काकू आठवते.

अमरावतीला फिल्मचा कोर्स करत होतो. सरांनी वर्गाला काम दिलं होतं: एकच शॉट, संवाद नाही, पण दोघांमधलं वैर दिसलं पाहिजे. मी ठरवलं, दुरावलेला दीर दारात येतो आणि वहिनी त्याला पाणी देत नाही. आपल्या वऱ्हाडात याहून मोठा अपमान कोणता?

वहिनी झाली माझी काकू, दीर झाला वर्गातला मंगेश. कॅमेरा काकूच्या ओसरीत लावला. मंगेश उन्हातून आला, बाजेवर टेकला आणि काकू आतून तांब्या घेऊन आली.

"काकू, पानी नाही द्यायचं."

"हो बाप्पा, इसरली."

पुन्हा शॉट लावला, पुन्हा तांब्या. मी तांब्या लपवला, तर गिलासात आणलं. मंगेश दर वेळी पिऊन घ्यायचा.

शेवटी मी चिडलो. "काकू, तो काही खरा पाहुणा नाही. नाटक करून राहिलो आपण."

"अन् ऊन? तेही नाटकातलंच हाय काय?"

तरी पुढच्या वेळी ती हात बांधून उभी राहिली. नजर अशी जळजळीत, की मी कॅमेऱ्यामागून डोकं वर काढलं नाही.

सरांनी तो शॉट सगळ्या वर्गाला दाखवला. "बाईच्या चेहऱ्यावर हा राग कसा आणला तू?"

शूटिंगच्या दिवशी सामान आवरल्यावर काकूनं सगळ्यांना पाणी दिलं होतं. मी हात पुढे केला, तर म्हणाली, "तुले कायले पायजे? तुया पिच्चरमंदी त देत नाईत ना."