चोवीस खणांचं कपाट

वहिनी : उजवीकडे घ्या भावजी. अजून. अजून जरासं. आता तिरकं!

भावजी : वहिनी, तिरकं करून झालं, आडवं करून झालं. आता शीर्षासन राहिलंय. ते कपाटाने करायचं की मी, एवढं सांगा.

वहिनी : चेष्टा पुरे. चार बोटांचा तर प्रश्न आहे.

भावजी : चार बोटं कपाट जास्त आहे. मागच्या आठवड्यात तुम्ही मोजायला आला होतात ना?

वहिनी : आले होते की. उंची, रुंदी, खोली, सगळं वहीत लिहिलंय. खण चोवीस. मुठी लाकडी, हाताने तासलेल्या, एक दुसरीसारखी नाही.

भावजी : आणि दरवाजा?

वहिनी : दरवाजाचं काय?

भावजी : दरवाजा मोजलात?

वहिनी : मी कपाट घ्यायला आले होते, दरवाजा घ्यायला नाही.

भावजी : आज घरी गेल्यावर दादाला सांगतो. म्हणावं, अकरा वर्षं जुन्या सामानाचं दुकान चालवतेय तुझी बायको, आणि...

वहिनी : तुमच्या दादाला एक अक्षर सांगायचं नाही. उचला.

आजी : उचलू नका रे, पाठ धरेल. तसं नाही निघत ते. अगं वहिनी, तू तरी बस जरा. साडेदहाच झालेत. अजून तुमची खिडकी बघायची राहिलीय. ती बघून झाली की चहा टाकते.

वहिनी : आजी, आम्ही खिडकी बघणार, हे तुम्हाला कसं कळलं?

आजी : सगळेच बघतात.

भावजी : सगळे म्हणजे कोण?

आजी : तुमच्या आधीचे. एक टोपीवाला होता, त्याने तर गज काढले. मग परत बसवूनही दिले, रंगासकट. गुणी मुलगा. त्याला मी दोनदा चहा दिला.

वहिनी : किती जण येऊन गेले आजी?

आजी : तुम्हाला धरून?

वहिनी : आम्हाला धरून.

आजी : पाच. पण बाई तू पहिलीच हो. बाकी सगळे पुरुष. कपाटाला खांदे लावायचे, लाल व्हायचे आणि निघून जायचे. पैसे मी प्रत्येकाचे परत केले, लगेच. एकाचेही ठेवले नाहीत.

भावजी : पण आजी, एक सांगा. बाहेर जात नाही, तर मग आत आलं कसं?

आजी : आत? ती मधली भिंत आहे ना, ती नंतर बांधली.

भावजी : मघाशी म्हणालात, छप्पर घालायच्या आधी वरून सोडलं.

आजी : असं म्हणाले का मी?

भावजी : मी बूट काढत होतो तेव्हा.

आजी : वय झालं बाळा. आमच्या ह्यांनी आणलं होतं. बियाणं विकणाऱ्याचं दुकान बंद झालं, त्याने हे अंगणात काढून ठेवलेलं. जळणात जायचं होतं. हे म्हणाले, माझ्याकडे द्या. झालं. आणलं कसं, ते मी कुठे बघत बसले होते? मी स्वयंपाकघरात होते.

वहिनी : बियाण्याचंच आहे, वास येतो अजून. खणांवर खडूने काय काय लिहिलेलं पुसट दिसतं. आजी, तुम्हाला सांगते, गावाकडचं जुनं सामान मी खूप बघितलं. लोक घासून, पॉलिश करून त्याची वाट लावतात. ह्याला कोणी हात लावलेला नाही. असंच्या असं हवंय आमच्या गेस्ट हाऊसवाल्या बाईंना. फोटो पाहिला आणि त्यांनी त्यासाठी अख्खी भिंत रिकामी करून ठेवलीय. उद्या सकाळी येणार आहेत.

आजी : अरे देवा. भिंतसुद्धा?

वहिनी : म्हणून म्हणते, आज ते निघालंच पाहिजे. भावजी, खण काढा सगळे, हलकं होईल. मग बघू.

भावजी : वहिनी, इकडे या. हा खण बघा.

वहिनी : बटणं.

भावजी : हा?

वहिनी : किल्ल्या. हे काय, फ्यूजची तार... प्रगतिपुस्तक! आजी, खण भरलेले आहेत.

आजी : हो, थोडंफार आहे.

भावजी : थोडंफार? चोवीसच्या चोवीस भरलेत. तरी म्हटलं, माझा खांदा का निखळतोय.

वहिनी : आज कपाट जाणार हे ठाऊक होतं ना तुम्हाला? मुलाने जाहिरात टाकली, माझ्याशी ठरवलं, तुम्ही वेळ दिलीत. आणि एक खण रिकामा केला नाहीत?

आजी : मी चहाचं बघते हं. पाणी उतू जाईल.

भावजी : पाणी उतू जात नाही आजी, दूध जातं.

आजी : दोन्हीचं बघते.

भावजी : गेल्या. वहिनी, ह्या बाई दिसतात साळसूद, पण काहीतरी गोम आहे.

वहिनी : गोम नंतर शोधा, आधी मागची फळी बघा. एवढा मोठा सांगाडा एका तुकड्यात कोणी सुतार बनवत नाही. तुम्हीच सांगता ना दुकानात येणाऱ्याला, कॉलर ताठ करून?

भावजी : ते गिऱ्हाइकाला सांगायचं असतं. थांबा, टॉर्च द्या. खिळा एकही नाही. स्क्रू नाही. फळ्या सलग... हे काय?

वहिनी : काय?

भावजी : नखाने खरवडलं तर मेण निघतंय. वर लाकडाचाच रंग चोळलाय. आत गोल काहीतरी आहे. हातोडी द्या, छोटी. आणि तो लाकडाचा ठोकळा.

वहिनी : जपून हं.

भावजी : वहिनी, सुतारकी मी करतो, दुकान तुम्ही करा. एक... दोन... ही बघा! खुंटी! बोटाएवढी. कपाट जरा सुटलं, बघितलंत? अशा आठ असणार. आठ काढल्या की ह्याचे सहा तुकडे होतील आणि मी एकेक काखोटीला मारून बाहेर नेईन. कोणी केलंय हो हे? त्याचे हात धुवून पाणी प्यावं असं काम आहे.

वहिनी : भावजी, तुम्ही सोन्यासारखे आहात!

भावजी : हे दादासमोर म्हणा.

वहिनी : म्हणेन. दुपारच्या आत दुकानात पोहोचतो आपण. दरवाजा मोजला नाही ही गोष्ट कोणाला कळायचीसुद्धा नाही. काढा, पुढची काढा. थांबलात का?

भावजी : हे मेण ताजं आहे वहिनी.

वहिनी : म्हणजे?

भावजी : म्हणजे फार तर महिनाभरापूर्वीचं. पाचवं गिऱ्हाईक, म्हणजे आपण, यायच्या आधी कोणीतरी खाली बसून, हाताने, नीट भरलंय.

आजी : चहा आणलाय. बिस्किटंही आहेत. तुझ्या हातात काय आहे बाळा?

भावजी : खुंटी आहे आजी.

आजी : सापडली वाटतं.

भावजी : सापडली.

आजी : चौघांना नाही सापडली. टोपीवाला तर अगदी तिथेच पाठ टेकून बसला होता, माझा जीव टांगणीला लागलेला. हुशार आहेस हो तू. बस. चहा घे. तूही घे गं.

वहिनी : आजी, हे काय आहे सगळं?

आजी : काय असणार? मुलाला सांगून बसलेय, कपाट विकलं गेलं की तुझ्याकडे राहायला येते. दोन वर्षं झाली. तो दर रविवारी विचारतो, गेलं का? मी म्हणते, निघत नाही रे दारातून.

वहिनी : जायचं नसेल तर सरळ सांगायचं ना.

आजी : कोणाला? तो इतका चांगला आहे. सून तर त्याच्याहून चांगली, आणि तेच अवघड आहे. जरा वाईट असती तर तोंडावर नाही म्हटलं असतं. माझ्यासाठी त्यांनी खोली रंगवून ठेवलीय, पिवळी. मी नाही म्हटलं तर तो रागावणार नाही. गप्प बसेल. लहानपणापासून तसाच आहे. ते गप्प बसणं मला नाही बघवत.

भावजी : आणि तिथे काय वाईट आहे?

आजी : वाईट काहीच नाही. सहावा मजला आहे, ऊन येतं. पण लिफ्टमध्ये सगळे आकड्यांकडे बघत उभे राहतात. मी एकीला विचारलं, झोप झाली का नीट? तर ती दचकली. इथे मी सकाळी दार उघडलं की समोरचा शिंपी विचारतो, आज उशीर का? कोपऱ्यावरची न्हाव्याची बायको मला पेपर वाचून दाखवायला सांगते. चष्मा आहे तिला, पण माझ्या आवाजात बातम्या बऱ्या वाटतात म्हणे. मला इथे राहायचंय गं. चालता येतंय तोवर तरी. एवढंच आहे, दुसरं काही नाही.

वहिनी : हं.

आजी : पण तू काढ आता. तू शब्द दिलास त्या बाईंना, मी तुला दिला. खुंटी सापडली नसती तर गोष्ट वेगळी. सापडल्यावर नाही म्हणणं बरं दिसत नाही. मी खण रिकामे करते. अर्धा तास दे.

भावजी : वहिनी, दहा वर्षांत असं कपाट माझ्या हाताला लागलेलं नाही.

वहिनी : माझ्याही नाही.

भावजी : नुसतं सांगून ठेवलं.

वहिनी : ऐकलं मी. खुंटी आत घाला.

भावजी : आत?

वहिनी : आत. कानात बोळे घातलेत का? मेण आजींकडे असेलच.

आजी : आहे. तिसऱ्या ओळीत, पाचवा खण. अगं, पण तुझ्या त्या बाईंची भिंत?

वहिनी : सांगेन त्यांना, दरवाजा मोजायला विसरले. चिडतील, चार शब्द बोलतील. महिनाभर माझ्यावर हसतीलही.

भावजी : आणि दादा?

वहिनी : तो जन्मभर हसेल. हसू दे. पण आजी, मी फुकटात काही करत नाही. माझ्या दोन अटी आहेत.

आजी : दुकानदारीण शोभतेस.

वहिनी : तुम्ही मागच्या पायऱ्यांवरून घसरला होतात. मुलगा म्हणाला मला फोनवर. तिथे भावजी कठडा लावतील. आत्ता, आजच. गाडीत लाकूड आहे.

आजी : कठडा नको बाई. म्हातारी दिसेन.

वहिनी : भावजी, खुंटी बाहेर काढा.

आजी : लाव बाळा, लाव. चांगला उंच लाव.

वहिनी : दुसरी अट. रिकामी गाडी मी नेणार नाही. व्हरांड्यात जो बुटका बाक आहे ना, कुऱ्हाडीने तासलेला, एक पाय जरा आखूड. तो मला द्या.

आजी : तो? त्याच्यावर बसून मी भाजी निवडते. मागच्या आठवड्यात मागितला असतास तर स्वस्तात दिला असता. आता तुझे डोळे चमकले ते मी पाहिले. दुप्पट.

वहिनी : आजी!

भावजी : वहिनी, ह्यांना दुकानात बसवा आणि तुम्ही घरी राहा. भरभराट होईल.

(दुपारी, घरासमोरच्या गल्लीत. कठडा लावून झाला आहे, बाक गाडीत चढला आहे. वहिनी फोनवर.)

वहिनी : हॅलो, जुन्या सामानाच्या दुकानातून बोलतेय. तुमच्या आईच्या घरी आलो होतो, कपाटासाठी.

मुलगा : हो, हो. तुमच्याच फोनची वाट बघत होतो. काय झालं?

वहिनी : नाही निघालं हो. सगळं करून पाहिलं. दरवाजा लहान पडतो.

मुलगा : अच्छा. खिडकी?

वहिनी : खिडकीही. हात टेकले आम्ही.

मुलगा : आई काय म्हणाली?

वहिनी : हळहळल्या. म्हणाल्या, पोराला वाईट वाटेल.

मुलगा : जेवली का ती?

वहिनी : आम्हालाही बळेबळे वाढलं. आणि ऐका, मागच्या पायऱ्यांना माझ्या दिरांनी कठडा लावून दिलाय. भक्कम आहे. मी स्वतः लोंबकळून बघितलं.

मुलगा : कठडा? तिने लावू दिला? मी वर्षभर मागे लागलोय. तुमचे आभार कसे मानू?

वहिनी : आभार नकोत. ती जाहिरात मात्र काढून टाका आता. लोकांना उगाच हेलपाटे पडतात.

मुलगा : नाही, ती राहू द्या.

वहिनी : निघत नाही म्हणतेय ना मी.

मुलगा : कळलं हो. पण जाहिरात काढली म्हणजे मी तिला बोलवायचं थांबवलं, असं होईल. तिला वाटेल, मी नकोशी झाले. तशी ती बोलायची नाही, पण मनाला लावून घेईल. राहू द्या. यायचं तेव्हा येईल. खोली तर आहेच.

वहिनी : बरं. तुमची मर्जी. ठेवते मग.

मुलगा : एक मिनिट. तुमचे दीर सुतार आहेत ना? जवळ आहेत का?

वहिनी : हे काय, गाडीत बसलेत. का हो?

मुलगा : त्यांना तेवढं विचारा, डावीकडच्या, खालच्या खुंटीला मेण जास्त लावलंय ना? ती पहिल्यापासून सैल आहे. घराला रंग द्यायचा असला की बाबा कपाट सुटं करायचे, आणि ती खुंटी बसवायला मला द्यायचे.