गालातला दात

पलूसहून सांगलीला निघालेल्या एस.टी.त शास्त्र शिकवणाऱ्या विजयमालाबाई मुलांच्या वह्या तपासत होत्या. मागच्या बाकावर राहीबाई होती आणि तिच्याशेजारी, गाल फुगवून गप्प बसलेला तिचा नवरा लालासाहेब. पलीकडे दुधाचा कॅन घेऊन मौला बसला होता.

“वहिनी, लालासाहेब आज गप कसा?”

“इंजनाचं हँडल उलटं फिरलं. म्होरला दात मुळासकट भाईर. सासूबाई राखंनं घासायला निघाल्या हुत्या. डाक्तर म्हणलं, मुळाला हात लावू नका, दात गालात धरा आन् तासाच्या आत सांगली गाठा. परत बसंल. पर तवर तोंड उघडायचं न्हाई.”

“आन् गिळला तर?”

“म्हणूनच गप हायती. मौलाभाई, तुमी साक्षीला. आवं, चार वर्सं इचारतीया, माधवनगरला शिवणक्लासला जाऊ का?”

“ऊंहूं.”

“व्हय म्हणलं.”

“वहिनी, मान आडवी हलली की.”

“गाडी हलतीया. सोमवारपास्नं जाऊ न्हवं?”

बाक गदागदा हलू लागला.

“आवं, हसू नका, दात पोटात जाईल. सोमवार तर सोमवार.”

“थांबा वहिनी. माज्या भाच्याचा दात डाक्तरनी दुधात घालून आणायला लावला हुता. पेल्यात दूध देतो, दात त्यात टाका. मग लालासाहेब मोकळा बोलंल.”

विजयमालाबाईंनी वळून पाहिलं. लालासाहेबानं पेल्यासाठी दोन्ही हात पुढं केले होते.

“नगं,” राहीबाई म्हणाली, “ह्येंना कच्चं दूध बाधतंय.”