शाळेला दिलेले पट

मी मूळची देवगाव रंगारीची. लग्न होऊन शहरात आले, नवरा गेला आणि डोक्यावर भांड्यांची पाटी घेतली. जुने कपडे घ्यायचे, स्टीलची भांडी द्यायची, कुणी शिकवलं नाय, भांडून भांडून शिकले. मोठं भगुनं मागणाऱ्या बाईला वाटीवर आणते मी, विचारा कुणालाबी.

पण माझी पोरगी सविता आकड्यांना लई भ्यायची, गणिताचा तास आला की पोट दुखायचं तिचं. चौथीला नव्या बाई आल्या. म्हणाल्या, सविताची आई, अष्टा-चंगाचे पट शिवून द्याल का, खेळातून वजाबाकी शिकवायचीय. काय सांगू तुम्हाला, बाजारात हातोहात गेल्या असत्या अशा काठाच्या साड्या फाडल्या मी, चिंचोके एका बाजूनं घासून फासे केले. बाईंचा नियम असा, की दान पडलं तरी सोंगटी लगेच हलवायची नाय, आधी पुढं किती घरं उरतील ते सांगायचं, चुकलं तर डाव दुसऱ्याचा. डाव सोडायला सविता तयार नसायची, म्हणून वजाबाकी शिकली. घरी मला हरवायची आणि वर म्हणायची, आई, इथं घासाघीस चालत नाय.

मग कुण्या पालकानं तक्रार केली, शाळेत जुगार शिकवतात. हेडसरांनी पट कपाटात कोंबले, बाईंनी खेळ बंद केला, पोरीचं पोट परत दुखायला लागलं. मी पोरीला घेऊन गेले भांडायला. सर म्हणाले, तुमच्या चिंध्या घेऊन जा. चिंध्या! डोकं फिरलं माझं. आमच्या धंद्यात सौदा अडला की पाटी उचलून चालायला लागायचं, गिऱ्हाईक जिना उतरू देत नाय, हाक मारतंच. मी पोरीचा हात धरला, म्हणाले, ठेवा तुमची शाळा, काढा हिचं नाव, आणि निघाले. मुद्दाम हळू चालले. फाटक आलं, रस्ता आला, कुणी हाक मारली नाय.

तेव्हापासून पोरगी घरी. बाई येऊन सांगून गेल्या, सरांना एकदा भेटा, मिटंल. मी का जाऊ? चिंध्या त्यांनी म्हणायचं आणि पाय मी धरायचे व्हय? सविता रोज विचारायची, मी रोज ओरडायची. आज मी पाटी भरत होते, तर तिनं दप्तर उचललं. म्हणाली, तुझं भांडण तू कर, मी शाळेत चालले. मी अडवलं नाय. बरोबरबी गेले नाय.

नाव काढलं असंल तर हाकलतील तिला. म्हणून फेरी बुडवून दारात बसलेय. दुपार टळली, अजून आली नाय. शाळा सुटेस्तोवर न येवो माझी पोर.