उरेदांच्या जोत्यावरची पाटी

—नाही, पाटीला माझी हरकत नाही, योआकिम. कोण म्हणालं तुला, हरकत आहे म्हणून? त्या पडक्या घराचं जोतं माझ्या कुरणात आहे, दिवसभर माझ्या मेंढ्या त्यावर उड्या मारतात, तुमच्या इतिहास मंडळाला तिथं पाटी लावायचीय – लावा की! फक्त ही नाही. हे तू जे छापून आणलंयस ना, ते वाच बघू परत. चष्मा आहे रे माझा, इथंच आहे, पण तूच वाच, शाळेत शिकवतोस, आवाज चांगलाय तुझा. ‘शिपाई योहानेस उरेद आणि त्यानंतर शिपाई गुस्ताव उरेद यांचं घर.’ हां. पुढं? ‘योहानेसची मुलं – हुल्दा आणि आल्बिन.’ बस्स. तिथंच थांब. आल्बिन म्हणजे माझा आजोबा. आणि तो योहानेसचा नव्हता. घे, सांगून टाकलं. ती ओळ असेल तर पाटी लागणार नाही. मी जिवंत आहे तोवर नाही. पाव घे ना, वेलदोड्याचे आहेत, सकाळी केलेत.

माझ्या भल्यासाठी लिहिलंस म्हणतोस. ते कळतंय मला. म्हातारीला वाईट वाटू नये, शहरातले नातेवाईक येणार आहेत झेंडे-बिंडे घेऊन, त्यांच्यापुढं शोभा नको – म्हणून मेलेल्या माणसाच्या पदरात पोर टाकून मोकळा झालास. आणि वर हे काय? ‘उरेद म्हणजे न भिणारा. शिपायाच्या शौर्यामुळे हे नाव पडलं.’ शौर्य! अरे, रांगेत दहा अँडरसन उभे, एकाला हाक मारली की दहा जण पुढं यायचे, म्हणून कॅप्टन नावं वाटत सुटायचा – हा पोलाद, हा चपळ, हा ढाल, तू कोण, तू न भिणारा, चला पुढचा. जेवायच्या आधी, घाईघाईत. योहानेस घोड्याला भ्यायचा, माहितीये? घोडा शिंकला तरी हा कुंपणापलीकडं. लढाई त्यानं पाहिलीच नाही. कवायतीच्या मैदानावर भिजला, ताप भरला, गेला. बरा माणूस होता म्हणतात, बायकोवर हात उचलला नाही कधी. पण शौर्य कसलं?

आणि मी काय कमी भोगलंय या नावापायी? दात काढताना रडले – ‘अगंबाई, उरेद आणि रडते!’ कुत्रं मागं लागलं, मी झाडावर चढले, तर अख्खी शाळा खाली उभी राहून टाळ्या वाजवतेय. लग्नात सासू म्हणाली, आता आमचं साधं-सरळ नाव लाव हो, सुटलीस एकदाची. मी म्हटलं, नाही लावत. का? का म्हणजे? माझं आहे म्हणून! तीन वर्षं बोलली नाही माझ्याशी. सुखाची गेली ती तीन वर्षं.

तर नाव माझं कसं – तेच सांगते, हसू नकोस. तुला ठाऊकच आहे, तुम्ही शेतकरी चार-पाच घरं मिळून सैन्यासाठी एक शिपाई पोसायचात. घर तुमचं, जमिनीचा तुकडा तुमचा, राय धान्याची पोती तुमची. आणि नाव? नावसुद्धा घराचं. शिपाई मेला की बायकापोरांनी घर रिकामं करायचं, पुढचा शिपाई येणार, त्याला तेच घर, तीच चूल, तेच नाव. खुंटीवरचा कोट द्यावा तसं. बाई कुठं जाणार? ते कोण बघतं. पण योहानेस गेला तेव्हा पुढचा शिपाई मिळेचना. अमेरिकेच्या बोटी भरभरून चालल्या होत्या, इथं बंदूक धरायला कोण थांबतंय? घर तसंच राहिलं. आणि घरात राहिली स्तीना. माझी पणजी. हुल्दाला घेऊन. शेतकऱ्यांनी निरोप धाडला – निघा. ही म्हणाली, नवा आला की निघते. वर्ष गेलं, नवा नाही. दुसरं गेलं. आणि मग आल्बिन झाला.

आता मोज तूच, शिकलेला आहेस. मेलेल्या माणसाला दोन वर्षांनी पोरं होत नाहीत बाळा, तुझ्या पाटीवर झाली तरी.

बाप्तिस्म्याला पाद्री म्हणाला, याला उरेद लावता येणार नाही. उरेद म्हणजे शिपाई, शिपाई मेला, नाव घराचं आहे. तर स्तीना काय म्हणाली? पोराला असं छातीशी धरलेलं, अख्खं देऊळ भरलेलं, पुढच्या बाकांवर सगळे मोठे शेतकरी – ती म्हणाली, घराची चूल कोण पेटवतं? मी. छपराला माती कोण घालतं? मी. मग नाव घराचं असेल तर या घडीला उरेद मीच आहे, आणि हा माझा आहे. लिहा. पाद्र्यानं लिहिलं. काय करतो? थंडी होती, लोकांना घरी जायचं होतं.

मग आला गुस्ताव. नवाकोरा शिपाई, पाठीवर पिशवी, कॅप्टननं तेच नाव दिलेलं. दार उघडून बघतो तर बाई, दोन पोरं, चुलीवर वाटाण्याचं सूप. म्हणाला, मी उरेद. ही म्हणाली, मी पण. पाय पुसून ये. बिचारा हिवाळाभर गोठ्यात झोपला. हिला बाहेर काढायची हिंमतच होईना! वसंतात लग्न केलं दोघांनी. शहरातले ते झेंडेवाले, त्याचीच प्रजा. ते सांगतात आमचा पूर्वज शूर शिपाई. असेना. गोठ्यात झोपला, पण आल्बिनला कधी परका म्हणाला नाही. ते शौर्य लिही हवं तर. मला आवडेल.

नाही, बापाचं नाव स्तीनानं कधी घेतलं नाही. पाद्र्यापुढं नाही, गुस्तावपुढं नाही. कशाला घेईल? लोक विचारायचे, ती म्हणायची, याचं नाव आहे, पुरे. आणि आल्बिन तरी? भेकड नव्हता, पण एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरी पुढच्या दारानं तो जन्मात गेला नाही. लाकडं फोडायला बोलावलं की मागच्या अंगणातनं. सगळीकडं पुढच्या दारानं जायचा, तिथं मात्र नाही. आणि ती रायची पोती – बाकीचे शेतकरी गड्याच्या हाती धाडायचे, त्या घरचा मालक एकटा स्वतः घेऊन यायचा स्तीनाकडं, चार गडी असताना. विधवेची कणव म्हणे. घर रिकामं करायला सांगायचं की नाही हेही म्हणे त्याच्याच हाती होतं. आता सांग, तिनं दार लावायचं कसं? भ्यायली असेल ना रे ती. मी लहान असताना मला वाटायचं, आमच्यात कुणी भीतच नव्हतं. भ्यायलीच असेल. आणि तरी पोराला घेऊन देवळात उभी राहिली, त्याच्या डोळ्यांदेखत. तो बसला होता पहिल्या बाकावर, बेर्गाच्या बाकावर, टोपी मांडीवर ठेवून –

...

बेर्गा म्हणाले का मी?

हं. म्हणाले खरी. तुमचंच बेर्गा, तुमचंच शेत नि घर, दुसरं कुठलं असणार. नको, उठू नकोस. तू तेव्हा नव्हतास, तुझा आजोबापण नव्हता. मला सांगायचं नव्हतं तुला, देवाशपथ. स्तीनानं नाही सांगितलं, आल्बिननं नाही सांगितलं, माझे वडील मरताना बोलले, त्यांनीही दहा वेळा दाराकडं बघून. आणि मी आज एका पाटीपायी ओकून बसले. पण आता गेलंच तोंडातनं, तर परत घेत नाही. माफी मागत नाही. काहीच मागायचं नाही मला तुमच्याकडून – जमीन नको, पुढचं दार नको, तुझ्या आईनं नाताळात पाठवलेलं हॅमसुद्धा नको होतं. मला पोरंबाळं नाहीत, हे नाव माझ्याबरोबर जाणार, जाऊ दे. पण जाताना खोट्या बापाच्या ओळीखाली नाही जाणार.

पेन आहे ना? लिही. सगळ्यात वर – स्तीना उरेद. तिच्याखाली ते दोघे शिपाई, आले त्या क्रमानं. मग मुलं. आल्बिन – स्तीनाचा मुलगा. पुढं काही नाही. तुमच्या घराचं नाव मी घालत नाहीये त्यात, मला दुष्टावा करायचा नाही. तुला घालावंसं वाटलं तर तू घाल. तुझं घर, तुझं नाव, तुझी हिंमत. मंडळाच्या सभेत विचारतील, म्हातारी काय म्हणाली. सांग काय ते.

बघतोस काय असा? जा आता. आणि फाटक नीट लाव, मेंढ्या रस्त्यावर येतात.