पोळ्याचा पक्का रंग

रंग फार पक्का निघाला म्हणून भांडायला आलेलं गिऱ्हाईक पाहिलंय कधी? मी पाहिलंय. नाशकात माझं पशुखाद्याचं दुकान आहे, पोळ्याला शिंगांचे रंगही ठेवतो. पोळा होऊन गेल्यावर पेठ तालुक्यातला शेतकरी धवळू आपला एकुलता बैल टेम्पोत घालून दारात हजर.

"शेठ, तुमचा रंग कानात उतरलाय. किती धुतला तरी निघत नाय. बैल डोकं आपटून कान फोडतोय, चारा सोडलाय त्यानं."

चष्मा लावून पाहिलं. कानात केशरी थर. बोटानं खरवडला, तर तो बोटावर चालायला लागला.

"अरे, रंग कसला! जिवंत किडे आहेत हे."

गल्लीतल्या जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. औषध लावून ते म्हणाले, "हे चिगर, गोचिडासारखे बारीक किडे. उंदीर-सशांच्या अंगावर असतात, गवतातून गुरांवर चढतात. आज मरतील, पण आता चारतोस त्याच माळावर परत नेलंस तर पुन्हा चढतील. ससे फिरतात तिथं नेऊच नकोस."

धवळूनं बैलाच्या मानेवरून हात फिरवला.

"मग नेऊ कुठं, डॉक्टर? तेवढाच एक माळ मोकळा राहिलाय, बाकी समद्या माळाला तारेची कुंपणं पडली. ससं बी तिथंच आलंय, नि आम्ही बी."