सत्काराची शाल

आष्टीच्या एसटीत रुचिकाच्या मागच्या सीटवर दोघी सासू-सून बसल्या होत्या. तिच्याच गावच्या, सीमेवर शहीद झालेल्या दिगंबरची आई आणि त्याची बायको. हुतात्मा दिनाच्या सत्काराला निघाल्या होत्या. रुचिकानं कानातला हेडफोन काढून ठेवला.

"आत्याबाई, मंगळसूत्र काढून पर्समधी ठिवू का?"

"कावून?"

"माईकवर वीरपत्नी म्हणून पुकारत्यात, आन गळ्यात ह्यांचं मंगळसूत्र. मागच्या साली बाया कुजबुजत होत्या."

"कुजबुजू दे."

"तुमालाच बोल लावत्यात."

"दुसरं लगीन तुला कुणी कर म्हणलं?"

"तुमी."

"कन्यादान कुणी केलं?"

"तुमीच. भटजी नको म्हणत होता तरी."

"मग राहू दे गळ्यात. पदराखाली बी झाकू नको."

"बरं."

आष्टी जवळ आली.

"आत्याबाई, आजची शाल बी दिगंबरच्या पेटीत ठिवायची का?"

"न्हाई. पेटी भरली. ही जावयाला दे. पहाटचं रानात पाणी द्यायला जातोय, थंडी लई हाय."